मुक्कामी गाडीतले चपटे किडे

सिस्टरनं रुमालाची घडी माझ्या तिकिटाच्या मशीनवरच उघडली.

"पाहा कंडक्टरभाऊ. हे तुमच्या गाडीतलं."

रुमालात एक किडा होता. तुरीच्या डाळीच्या सालपटाएवढा, तपकिरी, आणि कुणीतरी वरून लाटणं फिरवावं इतका चपटा. मेलाय की जिवंत आहे तेच कळेना. सिस्टरनं सेफ्टी पिनेनं टोचला, तेव्हा त्यानं पाय आणखीच अंगाखाली ओढून घेतले.

"ढेकूण आहे," ती म्हणाली. आजूबाजूच्या चार-पाच माणसांना ऐकू जाईल अशीच म्हणाली. मग बाही वर करून दंडावरचे लाल चट्टे दाखवले. "सोमवारी याच गाडीनं आली मी. मंगळवारी हे उठलं."

मी तेव्हा यवतमाळहून झरी जामणीकडच्या एका गावाला जाणाऱ्या मुक्कामी गाडीवर होतो. संध्याकाळी गाडी गावात पोचायची, आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि मी, तिथंच मुक्काम करायचो आणि पहाटे परत निघायचो. सिस्टर त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात होती. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायची आणि शनिवारी सकाळी आमच्या गाडीनं घरी जायची. बोलायला फटकळ, पण कामाला चोख बाई. तिच्या शब्दाला त्या भागात वजन होतं. ती ढेकूण म्हणाली म्हणजे तो ढेकूणच, असं त्या दिवशी गाडीतल्या सगळ्यांनी मानलं. मागच्या दोन बाया उठून उभ्याच राहिल्या. पांढरकवड्यापर्यंत त्या बसल्या नाहीत.

ड्रायव्हरला मी दादा म्हणायचो. माझ्याहून वयानं मोठे, निवृत्तीला टेकलेले. आमची जोडी बरीच वर्षं जमलेली. ते रस्त्यात फार बोलत नसत, पण मुक्कामाला पोचलं की चहाबरोबर दिवसभराचं सगळं सांगून मोकळे होत. पावसाळ्यात आम्ही गाडीतच झोपायचो. मागचं लांब सीट दादांचं, मधल्या वाटेत अंथरूण माझं. हे कधी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं.

यवतमाळला पोचल्यावर मी त्यांना किड्याचं सांगितलं. ते पान चावता चावता थांबले.

"माह्यी वळकटी दर आठवड्याले उन्हात पडते," ते म्हणाले. "तुह्यी?"

"माझीही पडते."

"श्रावणात कुठचं ऊन बाप्पा?"

मग तुमची तरी कशी पडते, असं तोंडावर आलं होतं. बोललो नाही. पण त्या दिवसापासून आमच्यात काहीतरी बिघडलं. मुक्कामाला अंथरूण उलगडताना ते माझ्या गोधडीच्या शिवणींकडे पाहत आणि मी त्यांच्या उशीकडे.

सिस्टरनं आगारात तक्रार दिली. साहेबांनी दोघांना बोलावलं, पण एकेकट्याला. मला विचारलं, "ड्रायव्हर गाडीत काय काय आणतो?" मी म्हटलं, काही नाही. बाहेर आल्यावर वाटलं, दादांनाही माझ्याबद्दल हेच विचारलं असेल. त्यांनी काय सांगितलं असेल? दारात ते भेटले, तर माझ्याकडे न पाहता पाणी प्यायला निघून गेले.

घरी तर वेगळीच तऱ्हा. बायकोनं ऐकलं मात्र, मला अंगणातच थांबवलं. युनिफॉर्म तिथंच उतरवायचा, उकळत्या पाण्याच्या बादलीत टाकायचा, मग आत यायचं. पिशवी बाहेरच्या खिळ्याला. मी म्हटलं, "एका किड्यापायी एवढं?" ती म्हणाली, "एक दिसला म्हणजे एकच असते का?" ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसली. एक दिसला म्हणजे बाकीचे कुठंतरी असणार. कुठं?

पहिला संशय मी टोपल्यांवर घेतला. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बाया बांबूच्या टोपल्या एकात एक घालून बाजाराला न्यायच्या. मी त्यांना टोपल्या सीटखाली ठेवू दिल्या नाहीत, टपावर टाकायला लावल्या. त्यातली एक म्हातारी टोपल्या वर चढताना पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्या टोपल्यात काय हाय? हात घालून पाह्य ना." मी खरंच हात घातला, प्रत्येक टोपलीत. बांबूचा भुसा सोडून काही निघालं नाही. ती गाडीत चढली, पण तिकीट घेताना तिनं पैसे माझ्या हातावर न ठेवता सीटवर ठेवले.

त्या आठवड्यात मला स्वतःला आणखी दोन किडे सापडले. दोन्ही मागच्या बाजूला, एक खिडकीच्या रबरात आणि एक फाटक्या रेक्झिनच्या कडेला. मी ते गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरले. खरा ढेकूण कसा दिसतो ते मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी शंका नको म्हणून आगाराच्या विश्रांतिगृहातल्या खाटेच्या सांध्यात काडी घातली. तिथं तो मिळणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि मिळालाच. दुसऱ्या डबीत टाकून दोन्ही शेजारी धरल्या. रंग जवळपास सारखा. पण खाटेतला ढेकूण गोलसर, गुळगुळीत आणि पळपुटा होता. डबीत पडल्या पडल्या त्यानं झाकणापर्यंत धाव घेतली. गाडीतला किडा खरखरीत, कडा कातरल्यासारख्या, आणि ठेवला तिथंच निपचित. खाटेतला चिरडला तर बोटाला रक्त आणि तो ओळखीचा वास. गाडीतला एक चिरडून पाहिला, तर रक्त नाहीच.

पण एवढ्यानं माझं समाधान होईना. उपाशी ढेकणात रक्त कुठून येणार? आणि उपाशी ढेकूण चपटाच असतो.

माझा साळा नेरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. सुटीच्या दिवशी डबी घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं दारातच विचारलं, "भाऊजी, हातात काय हाय?"

"किडा. ढेकूण आहे का ते पाहून सांग."

तो दोन पावलं मागं सरकला. "मंग डबी बाहेरच ठेवा. पोट्टे हायेत घरात." प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आणि ढेकणाचं नाव ऐकून अंगणात खुर्ची आणून बसला. माझ्यासाठी वेगळी खुर्ची आणली, प्लास्टिकची, जी नंतर त्याच्या बायकोनं नळाखाली धरली.

त्यानं भिंग लावून खूप वेळ पाहिलं. किडा उलटा केला, काडीनं पाय मोजल्यासारखे सरकवले.

"मिशा जाड हायेत याच्या. ढेकणाच्या बारीक असते, दोऱ्यासारख्या. अंगावर केस नाई. पण भाऊजी, हे पिल्लू दिसते. पिल्लाले पंख नसते, ढेकणालेही पंख नसते. असं अर्धवट पाहून मी सांगणार नाई. मोठा आणा."

"मोठा सापडला नाही."

"कुठं सापडलं हे?"

"मागच्या सीटजवळ."

"तिथं तो राहत नसन. कुठून तरी येऊन राह्यला. कशातून येते ते पाहा, मंग मी काय हाय ते सांगतो."

येताना गाडीत बसून मी याच एका वाक्याचा विचार करत होतो. कशातून येते? मागचं सीट दादांचं. तिथं त्यांच्या वळकटीशिवाय काही नसतं. निदान मला माहीत असलेलं तरी.

पुढच्या मुक्कामाला मी लक्ष ठेवलं. गाडी लागली, चहा झाला आणि दादा म्हणाले, "मी येतो जरा फिरून." त्याआधीही ते असेच जात. मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. कारण ते गावाच्या बाजूला गेले नाहीत, शेतांमधून जंगलाकडे जाणाऱ्या पांदणीनं गेले, आणि पिशवीतून कुऱ्हाडीचा दांडा बाहेर आला होता. दिवस मावळायच्या बेतात ते परतले. मी गावातल्या टपरीवर होतो. त्यांनी मला पाहिलं नाही. खांद्यावर बारदान्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. गाडीचं मागचं दार उघडून ते त्यांनी लांब सीटखाली सारलं, वर वळकटी ठेवली आणि हात झटकत टपरीकडे आले.

"काहून बे, असा काय पाहून राह्यला?"

"काही नाही."

त्या रस्त्यावर दुतर्फा सागवान आहे. मुख्य रस्त्याला लागण्याआधी वनखात्याचा नाका आहे. सागाची एखादी फळी जरी सापडली तरी आधी गाडी अडते, मग माणूस. बारदाना सुतळीनं बांधलेला होता. दादा हातपाय धुवायला गेले तेव्हा मी वाकून वरून चाचपलं. लाकूडच होतं. सोडून पाहायची हिंमत झाली नाही, आणि विचारायचीही नाही. विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं तर? मग मला माहीत होतं असं झालं असतं. त्या रात्री अंथरुणावर पडून मी मागची सगळी गोष्ट जुळवली. त्यांचं ते फिरायला जाणं, मला घाईनं चहाला पाठवणं, आगाराच्या दारात माझी नजर चुकवणं. निवृत्तीला आलेला माणूस, घराचं काम काढलं असेल, दारं-खिडक्या करायच्या असतील. एवढ्या वर्षांचा माणूस एका संध्याकाळीत मला सागवानचोर वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सिस्टर आली. तिनं सोबत वर्तमानपत्र आणलं होतं, ते सीटवर पसरून बसली. पोडावरच्या बाया टोपल्या टपावर टाकून आल्या. मी घंटी मारली.

नाक्यावर गार्डनं हात केला. एरवी तो खालूनच आत नजर टाकून सोडायचा. त्या दिवशी वर चढला. कुणी सांगितलं होतं की सहज, मला अजून माहीत नाही. दादांना मात्र वाटलं, मीच सांगितलं. कारण समोरच्या आरशात त्यांचे डोळे गार्डकडे नव्हते, माझ्याकडे होते.

गार्ड सीटखाली वाकत वाकत मागं गेला. वळकटी सरकवली. बारदाना ओढून वाटेत आणला.

"हे कोणाचं?"

बाया खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"कंडक्टर, याचं लगेज तिकीट फाडलं का?"

"नाही."

"म्हंजे तुमचंच."

खरं सांगतो, दादांचं नाव घ्यावं असंही वाटलं नाही आणि स्वतःवर घ्यावं असंही नाही. मी नुसता मशीन धरून उभा होतो. इंजिन बंद झालं. केबिनचं दार आपटल्याचा आवाज आला आणि दादा खालून फेरी मारून मागच्या दारानं वर आले.

"माह्यं हाय साहेब."

"सागवान?"

"पांगारा हाय. वावराच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा. वाळून पडला व्हता, मालकानं न्या म्हनलं."

"मंग बारदान्यात कायले लपवता?"

"लपवलं नाई. पावसानं भिजू नाई म्हणून."

"आन कराचं काय त्याचं?"

दादांनी आवाज खाली आणला. "नातीसाठी नंदी कराचा हाय. तान्ह्या पोळ्याले."

कुणीतरी हसलं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल सजवून फिरवतात, त्यामुळे गोष्ट अशक्य नव्हती. पण गार्ड हसला नाही.

"या रस्त्यानं सगळे नंदीच करून राह्यले," तो म्हणाला. त्यानं सुतळी कापली. आतून मांडीएवढ्या जाडीचा ओंडका निघाला, सालीसकट, सालीवर काटे. पांगाऱ्याला असे काटे असतात हे मलाही कळत होतं. गार्डला तेवढं पुरलं नाही. त्यानं चाकूचं टोक सालीच्या कडेला घातलं आणि जोर लावला. साल वाळून सैल झालेली होती. ती एकदम, दाराची फळी उघडावी तशी, सबंध सुटली.

आत लाकडावर पांढरी बुरशी पसरली होती. आणि तिच्यावर ते होते. लहान, मोठे, एकमेकांना खेटून, एकावर एक चढलेले. काळपट, पानासारखे चपटे. उजेड पडला तरी क्षणभर कुणी हललं नाही. मग सगळा घोळका सावकाश चालायला लागला.

"हेच!" सिस्टर ओरडली. "हेच ते!"

गार्डच्या हातातली साल गळून पडली. तो बाह्या झटकत मागच्या दारानं खाली उतरला आणि तिथूनच ओरडला, "न्या ते! आधी गाडी हलवा इथून!"

दादा साल उचलून बाहेर फेकायला निघाले. मी त्यांचा हात धरला. "थांबा दादा. मला हे पाहिजेत."

"आता कोणाले दाखवतं? साहेबाले?"

"साळ्याला."

त्यांचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सिस्टरनं पर्समधून गोळ्यांची रिकामी बाटली काढून दिली. मी सालीवरचे मोठे मोठे निवडून आत टाकले. मोठ्यांच्या पाठीवर पंख होते. अरुंद, पाठीच्या मधोमध दुमडलेले, आणि दोन्ही बाजूंनी पोटाची कड उघडी. भिंग नसतानाही दिसत होते.

गाडी पांढरकवड्याला थांबली. तिथं चहाला उतरलो तेव्हा त्यांनी कप हातात धरून विचारलं, "तू काल संध्याकाळी टपरीवरून मले पाह्यलं व्हतं ना?"

"हो."

"मंग इचारलं काहून नाई?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आदीचे दोन ओंडके आतून सडके निघाले. नात रोज इचारते, आबा, नंदी झाला का. आन गाडीत लाकूड आणतो म्हनलं तर तू साहेबाले सांगशीन, असं वाटलं. त्या दिवशी साहेबाकडे तू आत लय वेळ होता."

म्हणजे याआधीही दोन ओंडके त्याच सीटखालून गेले होते. किडे येत होते ते तिथून. आणि मी आत होतो तो वेळ साहेब फोनवर बोलत होते म्हणून लागला होता. हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटल्याची होती की नुसती, ते मला कळलं नाही.

"तुले मी सागवानचोर वाटलो," ते म्हणाले.

"तुम्हाला माझ्या गोधडीत ढेकूण वाटले."

यावर ते जरासे हसले आणि चहा संपवून गाडीत चढले.

साळ्यानं या वेळी बाटली घरात घेतली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यानं फोन केला. आवाजात भलताच उत्साह.

"भाऊजी, ढेकूण नोहे! कुळ जरा जवळचं हाय, पण हा वेगळा. मेल्या झाडाच्या सालीखाली राह्यते, बुरशी पिते. तोंडातली सुई पाहा, फोटो धाडला."

फोटोत किड्याचं डोकं होतं, चिरून उघडलेलं. आत केसाहून बारीक सुई, डासांच्या अगरबत्तीसारखी वेटोळं घालून ठेवलेली. बुरशीच्या तंतूंपर्यंत पोचायला ती अंगापेक्षा लांब असते, साळा सांगत होता, आणि काम झालं की पुन्हा गुंडाळून डोक्यात. कातडी फोडून रक्त ओढायची ही सुई नाही. याचं नेमकं नाव काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, कुळ सांगतो, जात सांगायला माझ्यापेक्षा जाणता माणूस पाहिजे. मराठीत याला कुणी नाव ठेवलं असेल तर त्याला माहीत नव्हतं.

"मग सिस्टरला कोण चावलं?"

"थे मले नका इचारू. या किड्यानं नाई, एवढं लिहून देतो."

फोटो मी साहेबांना दाखवला. त्यांनी मोबाइल जवळ-दूर धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "फोटो कुठूनही येते," म्हणाले, आणि गाडीत फवारणीचा हुकूम दिला. दोन दिवस गाडीला औषधाचा असा वास येत होता की प्रवासी नाकाला पदर लावून बसत. पोडावरच्या त्या म्हातारीला मी टोपल्या पुन्हा सीटखाली ठेवा म्हटलं. तिनं टपाकडेच बोट केलं.

सिस्टरला मी सगळं नीट समजावलं. पंख, मिशा, सुई, बुरशी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तो किडा ढेकूण नाही हे पटलं," ती म्हणाली. "पण गाडीत ढेकूण नाही, हे कुठं पटवलं तुम्ही?" तिच्या क्वार्टरमधली खाट एकदा उन्हात टाकून पाहा, असं सुचवायचा मोह झाला. पण तिची नजर पाहून मी तिकिटं द्यायला पुढच्या सीटकडे सरकलो.

पोळा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादांनी ड्युटी बदलून घेतली. उमरखेडकडची दिवसाची गाडी, मुक्काम नाही. मला ते आगारातल्या फळ्यावर वाचून कळलं. नंतर एकदा स्टँडवर ते केबिनमध्ये बसलेले दिसले. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो.

"नंदी झाला का दादा?"

"झाला. मस्त झाला. पहिल्याच दिवशी पोट्टीनं एक शिंग तोडलं."

"आणि ड्युटी का बदलली?"

"गुडघा दुखते बाप्पा. मुक्कामाच्या गाडीत झोपणं होत नाई आता."

तेवढ्यात कंट्रोलरनं त्यांना हाक मारली. दादांनी दार उघडलं, पायरीला पाय न लावता केबिनमधून थेट खाली उडी मारली आणि झपझप ऑफिसकडे गेले. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहत राहिलो.